डावीकडची पूर्व

पूर्वेच्या जागी पश्चिम आणि पश्चिमेच्या जागी पूर्व मी लिहिली. मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याच अकलेने लिहिली आणि वरून काळ्या शाईने पक्की केली. त्यामुळे फटीवाल्या सरांच्या प्रबंधातलं सहावं प्रकरण गेलं. बाकीची पाच प्रकरणं त्या सहाव्यासाठी लिहिलेली होती, हे मला फार उशिरा कळलं.

सर गडचिरोलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत. मूळचे चंद्रपूरचे, वडील घड्याळं दुरुस्त करायचे. ‘फटीवाले’ हे नाव पोरांनी ठेवलं होतं आणि ते सरांना माहीत होतं. वर्गात आले की ते आधी सगळ्या खिडक्या लावून घेत. मग एका खिडकीचं दार बोटभर उघडं ठेवत आणि त्या चिरीतून येणाऱ्या उन्हात लोलक धरत. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पट्टा पडे. “दार पूर्ण उघडलं का सारा उजेड एकात एक घुसते,” ते सांगत. “काही समजत नाई मंग. जरासंच उघडा. उजेड आपणच बोलते.”

ही सवय वर्गापुरती नव्हती. खोक्याच्या पुठ्ठ्याची एक नळी त्यांनी केली होती. एका टोकाला दोन ब्लेडची फट, दुसऱ्या टोकाला लोलकाचा तुकडा आणि डोळा लावायची जागा. ती नळी सदऱ्याच्या खिशात असायची. रविवारच्या बाजारात संध्याकाळी पेट्रोमॅक्स लागले की सर मिरच्यांच्या ढिगासमोर उभे राहून बत्तीकडे नळी रोखत. नक्षलवाद्यांच्या त्या काळात आमच्याकडे असं काही रोखून बाजारात उभं राहणं बरं नव्हतं. एकदा एका शिपायाने हटकलं. सरांनी नळी त्याच्याच हातात दिली. त्याने आधी बत्ती पाहिली, मग रस्त्यावरचा पिवळा दिवा, मग पुन्हा बत्ती. शेवटी विचारलं, “सर, यातला डुप्लिकेट कोणता?”

माझी आणि त्यांची गाठ नकाशामुळे पडली. मी जंगलखात्यात ट्रेसर. जंगलाचे नकाशे ट्रेसिंग पेपरवर शाईने उतरवणं हे माझं काम. नाले, पायवाटा, कक्षांच्या हद्दी आणि टेकड्यांच्या उंचीरेषा. हात चांगला होता, असं साहेब लोक म्हणत. त्याची मला किती धुंदी चढली होती ते पुढे येईलच. सर एका दुपारी आलेख-कागदाची गुंडाळी घेऊन माझ्या घरी आले आणि म्हणाले, “भाऊ, ह्या रेघा शाईनं काढून पायजेत. माह्या हातानं शाई पसरते.”

मी कागद उलगडला. एकात एक वळणं घेणाऱ्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. त्या मी ओळखल्या. ओळखायला वेळ लागला असता तर बरं झालं असतं. चार दिवसांनी मी काम नेऊन दिलं. सरांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. “हे काय आहे?” त्यांनी विचारलं. रेघा जिथे आत वळत होत्या तिथून मी तुटक रेघेने एक नाला काढला होता. उंचीरेषा अशा वळल्या की तिथून पाणी वाहतंच, हे माझ्या बोटांना विचार न करता माहीत होतं.

“नाला आहे सर. तुमच्याकडून राहून गेलता.”

सर खाली बसले आणि पोट धरून हसले. मग हाक मारली, “अवो, इकडे या. भाऊनं आकाशगंगेत नाला सोडला.” भाभी स्वयंपाकघरातून आल्या. त्या दवाखान्यात सिस्टर होत्या, माहेर सावली गावचं. कागद पाहून म्हणाल्या, “मंग आता मच्छर होतीन तिथी.”

ती टेकडी नव्हती. तो वेग होता. आपल्या आकाशगंगेसारखीच दूरची एक दीर्घिका, जिला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. तिच्या मध्यभागी कृष्णविवर. ते दिसत नाही, पण त्याच्याभोवती तापलेला वायू फिरतो आणि तो उजेड देतो. सरांनी मला हे मंडईच्या जत्रेतल्या घोड्यांच्या झुल्यावरून समजावलं. “झुल्याले दिवे लावले समजा. झुला फिरून राह्यला. एका बाजूचे दिवे तुमच्याकडे येतेत, दुसऱ्या बाजूचे दूर जातेत. येणाऱ्याचा उजेड केसभर निळ्याकडे सरकते, जाणाऱ्याचा केसभर तांबड्याकडे. हा केस मोजाचा, बस.” सरांनी दक्षिणेतल्या एका मोठ्या दुर्बिणीवर चार रात्री मिळवून हेच केलं होतं. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला फट, फटीतून दीर्घिकेची एक चीर, त्या चिरीचा वर्णपट. मग फट जराशी सरकवायची, पुढची चीर. अशा चौदा चिरी शेजारी शेजारी लावल्या की त्या वायूचा नकाशा तयार होतो. कुठे येतोय, कुठे जातोय, किती जोरात.

त्या वर्णपटांचे छापील कागद सर पुण्याहून भेंडोळं करून घेऊन आले होते. कॉलेजात एकच कॉम्प्युटर होता, तो प्राचार्यांच्या खोलीत फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला असे. म्हणून सर भिंग आणि पट्टी घेऊन हाताने मोजत. ऑक्सिजनची एक हिरवी रेघ ते धरत आणि ती जागोजागी किती सरकली ते लिहीत. घरात भेंडोळं ओट्यापासून दारापर्यंत पसरलेलं. भाभी त्याच्या कडेकडेने पाय टाकत चहा आणत आणि म्हणत, “आमच्या घरात आकाशाले जागा आहे, पाहुण्याले नाई.”

सरांच्या वहीत प्रत्येक पानावर दोन रकाने असत. डावीकडे ‘पाहिलं’, उजवीकडे ‘वाटलं’. या दोन्हींची सरमिसळ त्यांना अजिबात चालत नसे. घरच्या गोष्टींतही तेच. मी एकदा म्हणालो, “सर, पलीकडचे काका रागावले दिसतात.” सर म्हणाले, “दिसलं काय ते सांगा. रागावले हे तुमाले वाटलं.” मला दिसलं एवढंच होतं की काकांनी दार लावलं. नंतर कळलं, त्यांच्या घरात कुत्रं शिरत होतं.

त्या नकाशाच्या उजव्या कडेला एक गाठ होती. सगळा वायू झुल्यासारखा फिरत होता, पण तेवढ्या जागी तो फिरण्याच्या हिशेबात बसत नव्हता. हिरवी रेघ तिथे फुटून दोन झाली होती आणि त्यातली एक भलत्याच वेगाने आपल्याकडे येत होती. याच दीर्घिकेच्या केंद्रातून पश्चिमेकडे एक झोत निघतो, हे रेडिओ दुर्बिणीवाल्यांनी आधीच छापलेलं होतं. पण तिथला वायू कोणी मोजला नव्हता. सरांचं म्हणणं असं, की तो झोत वायूला ढकलतो आहे आणि ती ढकलाढकली या गाठीत दिसते. हे सहावं प्रकरण. सर या एका गोष्टीवर सात वर्षं काम करत होते. त्याबद्दल ते मोठ्याने बोलत नसत. फक्त त्या गाठीवर बोट ठेवून कधीमधी म्हणत, “इथी कोणी आलं नाई अजून.”

शेवटचा नकाशा त्यांनी माझ्याकडे दिला तेव्हा पावसाळा होता आणि त्यांना ताप भरत होता. दोन दिवसांनी तो मेंदूत चढला. आमच्याकडच्या मलेरियाबद्दल वेगळं सांगायला नको. भाभींनी स्वतः रक्त तपासायला पाठवलं, स्वतः सलाईन लावलं, आणि आठ दिवस घर आणि दवाखाना एक केला. इकडे प्रबंध नागपूरला बांधणीला जायचा होता. तारीख ठरलेली होती.

मी नकाशा पुढ्यात घेतला. रेघा सुबक होत्या. वर उत्तर, ठीक. कागदाच्या डाव्या कडेला सरांनी लिहिलं होतं ‘अ – पूर्व’, उजव्या कडेला ‘ब – पश्चिम’. मी पाहत राहिलो. पूर्व डावीकडे? वीस वर्षं मी नकाशे काढत होतो. चपराळ्याचे, सूरजागडच्या डोंगराचे, वैनगंगेच्या काठाकाठाचे. प्रत्येकात उत्तर वर आणि पूर्व उजवीकडे. शाळेतल्या पोराला विचारलं तरी सांगेल. तापात माणसाची दिशा चुकते, मी मनाशी म्हणालो. आणि मला सरांची दया आली. ती दया आली नसती तर पुढचं काही झालं नसतं.

ट्रेसिंगवर मी पूर्व उजवीकडे लिहिली, पश्चिम डावीकडे. रेघांना हात लावला नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण बांधणीवाल्याने किंवा कोणी सरांचा मूळ कागद पाहिला तर एवढ्या शिकलेल्या माणसाची चूक दिसेल, असं मला वाटलं. म्हणून मी मूळ कागदावरचे ते दोन शब्द मऊ रबराने अलगद पुसले आणि सरांच्या अक्षरात, सरांसारखंच ‘र्व’ जरा वाकडं काढून, दोन्ही शब्द बदलून लिहिले. तेव्हा माझ्या कारागिरीवर मी इतका खूश होतो की कागद लांब धरून दोनदा पाहिला. मग स्वतः एसटीने नागपूरला जाऊन प्रबंध बांधून आणला आणि विद्यापीठात देऊन आलो. सर उठून बसले तेव्हा सगळं झालेलं होतं. त्यांनी माझा हात धरून ठेवला. “भाऊ, तुमी नसते तर,” म्हणाले.

सात महिन्यांनी परीक्षकाचं पत्र आलं. प्रबंध चांगला आहे, मोजमाप काळजीपूर्वक केलेलं आहे. पण सहाव्या प्रकरणातला दावा टिकत नाही. झोत पश्चिमेला आहे आणि उमेदवाराने दाखवलेली गाठ पूर्वेला आहे. जिथे ढकलणारं काही नाही तिथे ढकललं जातं कसं? दावा सिद्ध करावा, नाहीतर प्रकरण काढून टाकावं.

सरांनी मूळ कागद काढला. त्यावर त्यांच्याच अक्षरात पूर्व उजवीकडे होती. वहीतून काही कळेना, कारण वहीत त्यांनी फटीच्या दोन टोकांना नुसतं ‘अ’ आणि ‘ब’ म्हटलं होतं. ‘अ’ म्हणजे कोणती दिशा, हे सर इतकी वर्षं डोक्यातच धरून होते; लिहिलेलं फक्त त्या एका कागदावर होतं. सर तो कागद घेऊन माझ्याकडे आले. “भाऊ, दिशा तुमी माह्याच कागदावरून घेतली ना?”

मी म्हणालो, “हाव सर. जसं होतं तसं.”

मला वाटलं, ते माझी चूक शोधत आहेत आणि माझी चूक तर नव्हतीच. उलट त्यांची मी झाकली होती. त्यांना लाज वाटू नये म्हणून मी खोटं बोललो. खोटं बोलताना माणसाला आपण चांगले आहोत असं वाटणं, यापेक्षा वाईट काही नसतं.

“मंग मीच लिहिलं,” सर म्हणाले. “ताप होता. काय लिहिलं, काऊन लिहिलं, फट उलटी लावली होती का काय, काही आठवत नाई.”

पुढचं वर्ष मी पाहिलं आणि मला काही समजलं नाही. सरांनी दुर्बिणीवर पुन्हा वेळ मागितला. दोन रात्री मिळाल्या, दोन्ही रात्री तिथे ढग. त्यांनी त्या कागदावर भिंग धरून किती दुपारी घालवल्या ते भाभींना माहीत. वर्गात ते फळ्यावर काही लिहीत आणि मागे सरकून पाहत, पुसत, पुन्हा तेच लिहीत. बाजारात नळी आणणं बंद झालं. एकदा मला म्हणाले, “जे आपण पाहिलं ते आपणच पाहिलं का, असं वाटाले लागलं भाऊ, तर वहीत कोणत्या रकान्यात लिहाचं?” मी म्हणालो, “सर, तुम्ही आराम करा.” दुसरं काय सुचणार होतं मला.

सहावं प्रकरण काढून टाकलं. पाच प्रकरणांवर डॉक्टरेट मिळाली. कॉलेजने सत्कार केला, हार घातला. सर खुर्चीवर असे बसले होते, जणू दुसऱ्याच्या लग्नात वर म्हणून बसवलंय.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते पुण्याच्या लायब्ररीतून एक झेरॉक्स घेऊन आले. परदेशातल्या नऊ जणांनी मिळून त्याच नंबरच्या दीर्घिकेचा वायू मोजला होता. गाठ होती. झोत तिला ढकलत होता. “पाहा भाऊ, पश्चिमेलेच निघाली,” सर म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता, त्यानेच जास्त लागलं. “डोळा बरोबर होता माहा. हात चुकला.” मी त्यांना धीर दिला. चुका कोणाकडून होत नाहीत, असं म्हणालो. हे वाक्य आठवलं की मी अजूनही जेवता जेवता थांबतो.

मग कॉलेजचं विज्ञान प्रदर्शन आलं आणि सरांनी मला ताऱ्यांचा एक मोठा नकाशा रंगवायला दिला. दुपारची वेळ होती, त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली आम्ही कागद पसरला होता. मी म्हणालो, “सर, पूर्व पुन्हा डावीकडे लिहिली तुमी.”

“पुन्हा” हा शब्द त्यांच्या लक्षात आला नाही. ते म्हणाले, “आभाळात पूर्व डावीकडेच असते भाऊ. या, इथी झोपा.” त्यांनी मला बाजेवर उताणं झोपवलं, डोकं उत्तरेला करून. नकाशा माझ्या तोंडावर छतासारखा धरला, उत्तरेची कड डोक्याकडे. “आता सांगा, डाव्या हाताले काय आहे?”

डाव्या हाताला बसस्टँड होतं. बसस्टँड त्यांच्या घराच्या पूर्वेला. नकाशावरची पूर्वही तिकडेच होती.

“तुमी जंगल वरून पाहता,” सर म्हणाले. “आभाळ खालून पाहा लागते.”

मी उठलो नाही. त्यांनी दोनदा म्हटलं, झालं, उठा आता. पाय खाली सोडायचे हेच मला सुचेना. माझ्या तोंडावरून त्यांनी कागद काढून घेतला तेव्हा कडुनिंबाची पानं दिसली, आणि मला एवढंच कळलं की या माणसाचं वर्षभराचं आजारपण मलेरियाचं नव्हतं, माझं होतं.

तरी मी महिनाभर गप्प राहिलो. रस्त्यात सर दिसले तर दुसऱ्या गल्लीने जात असे. शेवटी एके दिवशी सुटीच्या सकाळी गेलो. भाभी ड्युटीवर होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. रबर, अक्षर, ‘र्व’ वाकडं काढल्याचं, “जसं होतं तसं” म्हटल्याचं. सर आत गेले, तो कागद घेऊन आले, उजेडाकडे तिरका धरला.

“रबर कोणतं होतं?” त्यांनी विचारलं.

“ऑफिसातलं. ट्रेसिंगचं.”

“भिंगातूनही दिसलं नाई मले,” ते म्हणाले. “हात चांगला आहे तुमचा.” आणि मग, कागदावरची नजर न काढता, “म्हणजे त्या दिवशी मी बरोबर लिहिलं होतं. तापातही.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. माझ्यावर ओरडावं म्हणून मी गेलो होतो. पण त्या वेळी मी त्यांच्यासमोर आहे की नाही, हेही त्यांच्या लक्षात नसावं. स्वतःवरचा विश्वास परत मिळालेला माणूस मी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला, असं मी म्हणणार नाही. दिसलं एवढंच, की त्यांनी खांदे खाली सोडले.

मी म्हणालो, विद्यापीठाला पत्र लिहितो, परीक्षकांना लिहितो, सही करून देतो. सरांनी नकारार्थी मान हलवली. “आता ते छापून झालं. नऊ लोकांचं आहे ते. अन् तुमी कोणाले सांगू नका. नकाशावाल्या माणसानं दिशा बदलली हे ऑफिसात कळलं तर तुमचा कोणता कागद धरतीन लोकं?”

त्यानंतर त्यांना चंद्रपूरच्या कॉलेजात जागा मिळाली. जाताना ट्रकमध्ये सामान भरायला मी होतो. अधूनमधून पत्र यायचं, प्रत्येक पत्रात एखादी नवी फट, कुठल्या तरी वायूची नवी रेघ. मग पत्रं यायची थांबली, आणि काही वर्षांनी एका ओळखीच्या मास्तरांकडून कळलं की सर वर्गातच छातीत दुखून गेले. कळायलाच दोन महिने उशीर झाला होता. मी सकाळच्या एसटीने चंद्रपूरला गेलो.

भाभींनी चहा दिला. सरांच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगितलं, सिस्टर सांगते तसं, वेळेसकट. मग त्या हसल्या. “आयुष्यभर आभाळ पाह्यलं, पण दिशा नाई समजल्या बिचाऱ्याले. मी किती चिडवलं त्याहीले. बाजारात गेलो का म्हणाची, डॉक्टरसाहेब, पूर्व इकडे आहे. पाहुण्यायसमोर म्हणाची. पोरीच्या लग्नात व्याह्यांसमोर म्हणाली. हसाचे नुसते. एक शब्द नाई बोलले.”

मी हातातला कप खाली ठेवला. सरांनी कोणाला सांगू नका म्हटलं होतं, ते माझ्यासाठी. घरातही त्यांनी सांगितलं नव्हतं. मी भाभींना सगळं सांगितलं. पहिल्या नाल्यापासून नाही. त्या दोन शब्दांपासून. आपण का केलं तेही सांगितलं. मला त्यांची काळजी वाटली, त्यांची चूक कोणाला दिसू नये असं वाटलं, मन साफ होतं. बोलता बोलता मला वाटायला लागलं की भाभी आता म्हणतील, जाऊ द्या भाऊ, झालं ते झालं.

भाभी ऐकत होत्या. पदराचं टोक त्यांनी एकदा डोळ्यांना लावलं आणि मग कप-बशा उचलल्या. माझा चहा अर्धा होता, तोही उचलला. दारापर्यंत जाऊन वळल्या.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमाले काढाले सांगतलं होतं. सुधराले कोणं सांगतलं?”